लोणावळ्यापर्यंतचा जावई

बोटीवरून आल्यापासून कर्जतमधला प्रत्येक माणूस, अगदी माझी दाढी करणारासुद्धा, एकच विचारतो, "काय, मजा आली ना?" खरं सांगितलं तर लोकांचा हिरमोड होतो, म्हणून मी "झकास!" म्हणून सुटका करून घेतो. इथे मात्र खरं लिहितो. सहल सात दिवसांची होती. मला घरी जावंसं वाटलं ते बोट सुटल्यापासून पस्तीसाव्या मिनिटाला. घड्याळ बघायची सवय रेल्वेची आहे, त्यामुळे मिनिटांत चूक नाही.

मुंबई बंदर

हे प्रकरण उभं केलं आमच्या मुलीने. स्वाती ठाण्याला असते आणि आईबापांना सुखी करायची तिला भारी घाई. आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून तिने परस्पर तिकिटं काढून टाकली. मुंबईहून गोवा, मग लक्षद्वीप, मग परत. मी म्हटलं, "अगं, वाल तोडायला आलेत." दहिवलीला घरामागे आमचा जमिनीचा तुकडा आहे, भात कापला की त्यात वाल पेरतो. तर म्हणे, हौसाबाई तोडेल. हौसाबाई कशेळ्याच्या पुढच्या ठाकूरवाडीतून जीपने येते, आमच्याकडे वीस वर्षं काम करते आणि मला फारशी किंमत देत नाही. कोंबड्यांचं कारण काढलं, तर त्याही हौसाबाई बघेल. माझ्या बायकोने, मंदाने, माळ्यावरची बॅग खाली काढली आणि ओल्या फडक्याने पुसायला घेतली. विषय संपला.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मी रेल्वेत बँकरवर ड्रायव्हर होतो. बँकर म्हणजे घाट चढणाऱ्या गाडीला मागून ढकलणारं इंजिन. गाडी कर्जतला थांबते, लोक वडे घ्यायला उतरतात, तेवढ्यात आम्ही शेवटच्या डब्याला येऊन चिकटतो. पळसदरी गेलं की चढ लागतो. पुढचा ड्रायव्हर भोंगा देईल तसा आम्ही जोर लावायचा. लोणावळ्याला आम्हाला सोडतात. गाडी पुण्याला, सोलापूरला, कोल्हापूरला, जिथे जायची तिथे जाते, आणि आम्ही उलटे फिरून कर्जतला. चौतीस वर्षं हेच केलं. लोणावळ्याच्या पुढची स्टेशनं मला नावाने पाठ आहेत, पण त्यांची तोंडं मी पाहिलेली नाहीत.

आणि जाताना आम्हाला दिसतं काय? तर डब्याची पाठ. गंज, धूळ आणि कुणीतरी बोटाने लिहिलेलं कुणाचं तरी नाव. दरी, धबधबे, सगळं बाकीच्यांना. घाट मला दिसायचा तो परतताना, मोकळं इंजिन घेऊन उतरताना, गार वाऱ्यात. त्यामुळे जाणं म्हणजे काम आणि येणं म्हणजे मजा, हे माझ्या अंगात पक्कं मुरलेलं आहे. मेलगाडीवर बढती आली होती. सोलापूरपर्यंत जायचं, तिकडे मुक्काम करायचा. मी नको म्हणून लिहून दिलं. साहेब म्हणाले, "वेडा आहेस काय रे?" मी म्हटलं, "साहेब, मी जेवायला घरी असतो."

मंदाचं माहेर वाठार स्टेशनजवळ, सातारा जिल्ह्यात. घाटावरची बाई. माहेरी निघाली की मुद्दाम शेवटच्या डब्यात बसायची, कारण पुष्कळदा तिच्या मागे मीच असायचो. लोणावळ्याला इंजिन सुटलं की ती खिडकीच्या गजांतून हात काढून हलवायची, मी भोंगा द्यायचो आणि मागे फिरायचो. पुढे ती एकटी, नंतर काखेत स्वातीला घेऊन. सासरवाडीला मी जायचो ते लग्नकार्याला एसटीने, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. तिथे मला नावच पडलं, लोणावळ्यापर्यंतचा जावई. मी हसायचो. मंदापण हसायची, पण माझ्याएवढी नाही.

तर बोट. बोट कसली, अकरा मजली इमारत आडवी लोळत पडलेली. आत लिफ्ट, आत दुकानं, आत नाचगाण्याची जागा. सगळ्यांना नारिंगी जाकिटं घालून रांगेत उभं केलं आणि बोट बुडाली तर काय करायचं ते हसतमुखाने समजावलं. मग सुटायची वेळ झाली आणि माझी करमणूक सुरू झाली. एवढं अगडबंब धूड, पण त्याला धक्क्यावरून आपलं आपण हलता येईना! दोन बुटक्या टग बोटी आल्या, त्यांनी कुशीला नाक लावलं आणि लागल्या ढकलायला. मी कठड्यावरून ओरडलोच, "मंदा! बँकर!"

शेजारी एक गुजराती आजोबा ढोकळा खात उभे होते, ते दचकले. मला पर्वा नव्हती. टगवाला काय सफाईने जोर लावत होता! थोडा दाब, मग ढील, मग परत दाब. आपल्या कामाचा माणूस लांबूनसुद्धा ओळखू येतो. बंदराबाहेर आल्यावर त्यांनी नाक काढलं, एक भोंगा दिला आणि वळून निघाल्या माघारी. मी हात केला. टगवाल्यानेही केला. तो आता धक्क्याला जाणार, हातपाय धुणार, घरी जाऊन पाटावर बसणार. आणि मी? मी पुढे चाललेलो. मी घड्याळ बघितलं, पस्तीस मिनिटं झाली होती. आपण चुकीच्या बोटीत चढलोय, हे मला तिथेच कळलं.

"त्या बुटक्या बोटीकडं बघून डोळं भरलं व्हय तुमचं?" मंदा म्हणाली.

"वारा हाय गं."

"व्हय, वारा," ती म्हणाली, आणि बोटीच्या पुढच्या टोकाकडे चालू लागली.

समुद्र आणि नुसता समुद्र

आमच्या खोलीला खिडकी नव्हती. खिडकीच्या जागी समुद्राचं चित्र लावलेलं होतं. समुद्रात बसून समुद्राचं चित्र बघायला माणसं घरदार सोडून येतात, हे मला नवीन होतं. पलंगावर दोन टॉवेलांची दोन माकडं करून ठेवलेली. मी अंग पुसायला एक मोडलं, तर मंदा चिडली. दुसऱ्या टॉवेलचं माकड तिने सातही दिवस तसंच जपलं आणि आम्ही दोघांनी एकाच टॉवेलवर भागवलं.

खाण्याबद्दल काय सांगू? पंजाबी होतं, जैन होतं, चिनी होतं, इटलीचं होतं. माणसं अशी तुटून पडत होती, की जणू उद्या बोटीवर दुष्काळ जाहीर होणार आहे. एका बाईने ताटात पुरणपोळीवर नूडल्स वाढून घेतलेल्या मी या डोळ्यांनी पाहिल्या. नव्हती ती फक्त तांदळाची भाकरी. मी चौकशी केली. आमच्या टेबलाला वाढणारा माणूस चाळिशीचा, छातीवरच्या पट्टीवर नाव 'पॅडी'. म्हटलं परदेशी असेल, म्हणून हातवारे करून भाकरी थापून दाखवली. तो शांतपणे म्हणाला, "काका, मी राजापूरचा. पांडुरंग. भाकरी मिळायची नाही."

"मग सुकट?"

"काका, सुकटीच्या वासाने ही बोट रिकामी होईल."

माणूस बरा निघाला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्याला म्हटलं, "पांडुरंगा, मला घरी जावंसं वाटतंय रं." त्याने ताट उचलता उचलता सांगितलं, "मी सात महिने घर बघितलेलं नाही. तुमचे दोन दिवस नाही झाले." मी माझी वाटी त्याच्या हातात दिली. पण त्याने माझी घरची ओढ काही कमी झाली नाही.

मंदाचं मात्र निराळंच. सकाळी आठ वाजता वरच्या गच्चीवर बायका गाण्यावर उड्या मारत होत्या, त्यात ही! सहावारी साडी, पायात स्वातीने घेऊन दिलेले बूट, आणि हात वर करून उड्या. मला बघून लाजली नाही, उलट हाताने "या" म्हणून खूण केली. मी दुसरीकडे बघितलं. त्यानंतर ती बोटीच्या पुढच्या टोकाला जाऊन उभी राहिली. समोर काही नाही, नुसतं पाणी, तरी तासन् तास बघत होती. आणि मी मागच्या टोकाला. मागे पांढरा फेस लांबपर्यंत पसरलेला, आपण कुठून आलो ते दाखवणारा. पस्तीस वर्षांच्या संसाराला एकशेपन्नास मीटर लांब बोट मिळाली, तर नवरा एका टोकाला आणि बायको दुसऱ्या.

शनिवार-रविवारी मुंबईची माणसं आमच्याकडे येतात. पळसदरीच्या धरणावर उभी राहून "किती शांत ना!" म्हणतात, फोटो काढतात, आणि रविवारी दुपारपासून घरी जायला कासावीस होतात. मी त्यांची आयुष्यभर टर उडवली. आता माझ्यावर तीच पाळी आली होती. फरक इतकाच की त्यांच्याकडे गाडी असते आणि माझ्या चारी बाजूंना पाणी होतं. फोनला रेंज नाही. हौसाबाईने वाल वेळेवर तोडले नाहीत तर शेंगा सुकून तडकतील, कोंबड्यांना मुंगूस येईल, पाण्याचा पंप जळेल. मी मनातल्या मनात घर तीनदा मोडून उभं केलं.

संध्याकाळी मंदाला म्हटलं, "उद्या गोवा येतंय. तिथून घरी गेलं तर?"

ती केस विंचरत होती. फणी थांबली. "कोण?"

"आपण. नायतर मी एकटा. तू बघ की बाकीचं. पैसे भरलेत ना."

ती आरशातून माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "बाबांच्या टायमाला पण तुमी आसंच म्हणला हुता, 'तू हो पुढं.'"

हे सांगायला नको वाटतं, पण आता सुरुवात केली आहे. स्वाती तिसरीत होती. वाठारहून निरोप आला, सासरे शेवटच्या घटका मोजतायत. मंदा मुलीला घेऊन कोल्हापूरच्या गाडीला बसली, शेवटच्या डब्यात. मागे मीच होतो. रजा मागितली असती तर मिळाली असती, शेडमध्ये बदली माणूस बसलेला होता. मी मागितली नाही. कारण विचाराल तर मला आजही धड सांगता येत नाही. घाट चढवायचा, परत यायचं, यापलीकडे माझं डोकं जातच नव्हतं. लोणावळ्याला इंजिन सुटलं. त्या दिवशी तिने हात हलवला नाही, तरी मी भोंगा दिला. ती पुण्याच्या अलीकडे असतानाच सासरे गेले. मी दहाव्याला गेलो आणि त्याच संध्याकाळी परत आलो.

गोवा

हे सगळं आठवूनसुद्धा मी सकाळी गोव्याला उतरलो. लाज काढणारी गोष्ट आहे, पण झालं ते झालं. मंदाला सांगितलं, "बाजार बघून येतो, तू बोटवाल्यांच्या बसमधून देवळं बघ." पिशवीत टॉवेल (माकडाचा नव्हे), एक लेंगा आणि दात घासायचा ब्रश टाकला. बोट संध्याकाळी सहा वाजता दारं लावणार होती. मी बंदराबाहेरून टॅक्सी पकडली आणि थेट मडगाव स्टेशन गाठलं.

स्टेशनात पाय टाकला आणि जीव थाऱ्यावर आला. लोखंडाचा, ग्रीसचा वास. घोषणा. बाकावर झोपलेली माणसं. दुपारी चारच्या गाडीचं पनवेलपर्यंतचं तिकीट काढलं, पुढे पनवेलहून कर्जत म्हणजे अंगणच. चहा घेतला, भजी खाल्ली, दोन दिवसांत पहिल्यांदा चवीने खाल्ली. मग फोन काढला. रेंज होती. हौसाबाईला लावला.

"हौसाबाई, मी येतोय गं घरी. वालाचं काय?"

"वाल कदीच तोडलं. सुकत घातल्यात."

"कोंबड्या?"

"हायेत की. त्यांना काय धाड भरलीय?"

"पंप?"

"पंपाला काय व्हनार हाय? ड्रायवरदादा, तुमी हाय कुठं?"

"मडगावला. स्टेशनात."

"आन् वयनी?"

"ती बोटीवर हाय."

पलीकडे आमचा कोंबडा ओरडलेला मला ऐकू आला. मग ती म्हणाली, "परत आर्ध्यात सोडली काय तिला?"

मी म्हटलं, "तसं नाय गं," आणि फोन ठेवला. कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. हौसाबाईलाही माहीत होतं! म्हणजे मंदा वीस वर्षं तिला सांगत आली असणार, ओट्यावर बसून शेंगा सोलता सोलता. मला वाटत होतं, हा फक्त तिच्या माहेरचा विनोद आहे.

गाडी आली. सवयीने मी फलाटाच्या मागच्या टोकाला जाऊन उभा राहिलो होतो, त्यामुळे शेवटचा डबा बरोबर माझ्यासमोर थांबला. त्याच्या पाठीवर भला मोठा पिवळा एक्स काढलेला होता. शेवटच्या डब्याची ती खूण. मागे काही नाही, फक्त रूळ. चौतीस वर्षं माझं इंजिन त्या एक्सला नाक लावून उभं असायचं, म्हणून एवढा मोकळा मी तो कधी बघितलाच नव्हता. मी सुटून मागे फिरल्यावर मंदाचा डबा असाच दिसत असणार. मागे कुणी नाही आणि ती आत बसलेली, बाप जिवंत भेटेल की नाही या काळजीत. मी तिकडे घाट उतरत होतो, गार वारा खात.

मला फार वाईट वाटलं. तिथेच फलाटावर, पिशवी हातात घेऊन, चष्मा काढून उभा राहिलो. गाडी सुटली. गार्डने हिरवा झेंडा दाखवता दाखवता माझ्याकडे पाहिलं, त्याला वाटलं असेल म्हाताऱ्याची गाडी चुकली.

त्यानंतरची धावाधाव वर्णन करण्यासारखी नाही. टॅक्सीवाला गोवेकर, त्याला घाई हा शब्द माहीत नव्हता. वाटेत त्याने एका ओळखीच्या माणसाला मासळीचा भाव विचारायला गाडी थांबवली! मी ओरडलो, "अरे बाबा, बोट जाईल!" तो म्हणाला, "बोट खंय वता? हांगाच आसा." म्हणजे बोट कुठे जातेय, इथेच तर आहे. दारं लावायला दहा मिनिटं राहिली असताना मी धापा टाकत शिडीवर चढलो. पहारेकऱ्याने पिशवी यंत्रातून काढली. टॉवेल, लेंगा, ब्रश. त्याने काही विचारलं नाही, पण त्याला समजलं असावं.

खोलीत मंदा नव्हती. पुढच्या टोकाला नव्हती. जेवणाच्या दालनात दिवे लागले होते, आमच्या टेबलाशी ती पाठमोरी बसलेली दिसली. मी जाऊन समोर उभा राहिलो. टेबलावर एकच ताट होतं. पांडुरंग माझ्याकडे बघून गडबडला आणि म्हणाला, "बाईंनी सांगितलं, आज एकच लाव. लावतो हां, आत्ता लावतो काका."

मी बसलो. "तुला कसं कळलं?"

"दात घासायचा ब्रश घिऊन बाजार बघाय कोण जातं व्हय?"

"मग अडवलं का नायस?"

"पस्तीस वर्सं कवा अडीवलं?" ती जेवत होती, घास थांबला नव्हता. "लोणावळा आलं आसं समजले आन् बसले जेवाय. सवय हाय मला."

तिने हे चिडून म्हटलं असतं तर मी काहीतरी उलट बोललो असतो. ती सहज बोलली, तेच मला झोंबलं. पांडुरंगाने ताट मांडलं तरी मला हात लावता येईना. शेवटी म्हणालो, "चुकलो गं." आणि एकदा तोंड उघडलंय तर होऊन जाऊ दे म्हणून पुढचंही बोललो, "बाबांच्या वेळी पण चुकलो. रजा मिळत होती. मी मागितली नाय."

आता मात्र तिचा घास थांबला. हे तिला माहीत होतं की नव्हतं, मला आजही ठाऊक नाही. तिने पदराने डोळे पुसले आणि हात पुढे केला. "तिकीट कुठाय?"

मी खिशातून काढून दिलं. तिने मडगाव ते पनवेल नीट वाचलं, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवलं. "स्वातीला दावते," ती म्हणाली. "आता जेवा. भात गार हुतोय."

लक्षद्वीप

यानंतर मला बोट आवडायला लागली असं कुणाला वाटेल. छे! घरी जावंसं रोज वाटत होतं, सकाळी जरा कमी आणि दिवेलागणीला जास्त. पण आता मी ते मागच्या टोकाला एकटा उभा राहून सोसत नव्हतो. पुढच्या टोकाला तिच्या शेजारी उभा राहून सोसत होतो. ती मधूनच विचारायची, "किती वाटतंय?"

"बारा आणे."

"मग बसा चार आण्यात," म्हणायची आणि पाण्याकडे बघायला लागायची.

लक्षद्वीपला मोठी बोट लांब उभी राहते. छोट्या होडीत उतरायचं असतं, आणि होडी वरखाली होत असते. दोन माणसं आपल्याला दंडाला धरून पोतं टाकावं तसं टाकतात. मंदाला टाकलं तेव्हा ती किंचाळली, मला टाकलं तेव्हा मी किंचाळलो, तिच्यापेक्षा मोठ्याने. बेटावर पाणी इतकं निळं, की आधी मला त्यात काहीतरी मिसळलंय असंच वाटलं. तिथली माणसं मृदू बोलतात, मासळी आणि जाडा भात खातात. नारळाच्या रसातला तो मासा आणि तो भात जेवताना मी चार दिवसांत पहिल्यांदाच परत वाढून घेतलं. चार बायका झावळ्यांच्या सावलीत बसून मासे सुकवत होत्या. मी त्यांच्याकडे इतक्या प्रेमाने बघत राहिलो, की मंदाने मला ओढून नेलं.

समुद्रात ती आयुष्यात कधी शिरली नव्हती. मी तिच्या चपला आणि पर्स धरून काठावर उभा. ती घोट्यापर्यंत गेली, गुडघ्यापर्यंत गेली, मग मागे वळून ओरडली, "आवं, या की आत!"

"चपला कोण बघंल?"

"चपला काय पोवून जात्यात?"

म्हटलं, आता काठावर थांबलो तर मडगाव फुकट गेलं. लेंगा वर खोचला आणि गेलो. तेवढ्यात एक लाट आली आणि आम्ही दोघे बदकन खाली बसलो. मंदा इतकी हसली की तिला उचकी लागली. पर्स माझ्या हातातच होती, म्हणजे तीही भिजली. त्यातलं तिकीट भिजून लगदा झालं. स्वातीला दाखवायचा पुरावा गेला, असं मी म्हटल्यावर ती म्हणाली, "तोंडी सांगते की." आणि सांगितलंच.

परतीच्या दिवशी, म्हणजे सहाव्या दिवशी दुपारी, आम्ही पुढच्या टोकाला बसलो होतो. मागे गच्चीवर तेच गाणं चौथ्यांदा लागलं होतं. मंदा एकदम म्हणाली, "मलाबी आज वाटाय लागलंय."

"काय?"

"घरी जावंसं."

"किती?" मी सावरून बसलो.

"सोळा आणे. भाकरी खाईन म्हणते. आन् त्या माकडाची पण दया यायला लागली."

मला एवढा आनंद झाला की मी पांडुरंगाला बोलावून सांगितलं. तो म्हणाला, "काका, सगळ्यांना सहाव्या दिवशी होतं. तुम्हाला लवकर झालं." मुंबईला पोचताना टग बोटी पुन्हा आल्या आणि नाक लावून आम्हाला धक्क्याला ढकलायला लागल्या. मी या वेळी ओरडलो नाही. मंदाच ओरडली, "आवं, तुमचं बँकर आलं!"

कर्जत, आणि त्याच्या पुढे

घरी येऊन भाकरी खाल्ली, वाल पाखडले, हौसाबाईचं बोलणं खाल्लं. पंधरा दिवसांनी वाठारला मंदाच्या भाच्याच्या मुलाचं बारसं निघालं. मी म्हटलं, गाडीने जाऊ. दोघं.

कर्जतला कोल्हापूरच्या गाडीत शेवटच्या डब्यात बसलो. मागून बँकर येऊन लागला तेव्हा धक्का बसला, बऱ्यापैकी जोरात. मी चिडून म्हणालो, "काय लावतात ही पोरं! आमच्या वेळी चहा सांडत नसे." मंदा म्हणाली, "सांडायचा." घाट मी पहिल्यांदा जाताना पाहिला. खिडकीतून उजेड, बोगद्यात अंधार, परत उजेड. दऱ्या सुकलेल्या होत्या, धबधबा एक नाही, तरी मी गजांना नाक लावून बसलो होतो.

लोणावळा आलं. मागे खटका पडला, हवेचा फुस्स आवाज झाला, आणि इंजिन सुटलं. मला काही कळायच्या आत मी उठलो होतो. पिशवी हातात, पाय दाराकडे. शर्टाला मागून हिसका बसला.

"किती?" मंदाने विचारलं. शर्ट तिने सोडला नव्हता.

"सोळा आणे," मी म्हणालो.

"बसा."

मी बसलो. गाडी हलली. मागून बँकरच्या ड्रायव्हरने भोंगा दिला. आयुष्यभर दिला, पण डब्यात बसून तो कसा ऐकू येतो ते मला माहीत नव्हतं. लांब जाणारा, बारीक होत जाणारा. मंदाचा हात सवयीने गजांतून बाहेर गेला आणि मागच्या इंजिनाकडे बघून हलायला लागला. मग तिच्या लक्षात आलं. तिने हात आत घेतला आणि माझ्या गुडघ्यावर ठेवला.

"आता मळवली येतंय," ती म्हणाली. "ह्या खिडकीनं बगा."